शिवारनगरीत जुईला जेवू घालताना

डोंबिवलीहून निघालो तेव्हा आमच्याजवळ चार पिशव्या होत्या आणि त्यांतल्या तीन जुईच्या खाण्याच्या होत्या. जुई म्हणजे आमची मुलगी, वय एक वर्ष आणि दहा महिने. नाचणीसत्व, खजुराची पूड, मुगाचं पीठ, किसणी, गाळणी, छोटा स्टोव्ह असा आमचा संसार एसटीच्या फळीवर चढत होता आणि त्या संसाराची मालकीण माझ्या कडेवरून त्याच्याकडे परक्यासारखी बघत होती. दिवसाकाठी ती जेमतेम चार घास खायची. त्यांतले दोन परत यायचे.

आमचा हा प्रवास हौसेचा नव्हता. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. डॉक्टरांनी वजनाचा तक्ता आमच्यापुढे धरला. चार महिने त्यावरची रेघ आडवी चालली होती. ते म्हणाले, "हवापालट करून बघा. येत्या सोमवारी पुन्हा वजन करू. नाही वाढलं तर तपासण्या कराव्या लागतील." तपासण्या म्हणताना त्यांनी जुईच्या काडीएवढ्या दंडाकडे पाहिलं. मंजिरी, म्हणजे माझी बायको, दवाखान्यापासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. तिची कसर माझ्या आईनं भरून काढली. "आमच्या वेळी मुलं रडून रडून जेवायला मागायची," असं ती दारातच म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

हवापालटाचा पत्ता ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं दिला. नारायणगावाजवळ वारूळवाडीच्या शिवारात कुणी हौशी मालकानं 'शिवारनगरी' नावाचं थीम पार्क काढलं होतं. थीम होती खेडं. म्हणजे खेड्याच्या मधोमध कुंपण घालून आत खेडं उभारलं होतं. "तिथे मुलं आपोआप जेवतात," असं सहकारी म्हणाला. त्याला मूल नव्हतं, हे मला नंतर आठवलं.

माळशेज घाटात लोक पावसाळ्यात जातात. आम्ही जानेवारीत गेल्यामुळे घाट आम्हाला कोरडाठाक मिळाला. ओतूरच्या पुढे मात्र दोन्ही बाजूंना हिरवंगार शिवार सुरू झालं. द्राक्षांचे मांडव, ऊस, आणि काठ्या-सुतळीवर चढवलेले टोमॅटोचे लांबच लांब वाफे. हवा गार आणि ऊन मऊ होतं. "बघ, इथे भूक लागेल हं तिला," मंजिरी म्हणाली. गेल्या चार महिन्यांत हे वाक्य तिनं माथेरानबद्दल, माहेरच्या अंगणाबद्दल आणि एका लिंबाच्या लोणच्याबद्दल म्हटलं होतं.

आळेफाट्याला गाडी जेवणासाठी थांबली. हॉटेलात मिसळ, भजी आणि उकळता चहा सोडून काही नव्हतं, म्हणून मंजिरीनं डब्यातली खिचडी काढली आणि भरवायला सुरुवात केली. जुईनं तोंड मिटलं. शेजारच्या बाकावरच्या आजींनी ओवा चाटवायला सांगितला. त्यांच्यासमोरच्या गृहस्थांनी ओव्यानं उष्णता होते असं सांगितलं. एका तरुणानं शिट्टी वाजवून दाखवली. पाच मिनिटांत आमच्या टेबलाभोवती गाडीतले निम्मे प्रवासी उभे होते आणि कंडक्टर हातातली बेल-दोरी सोडून पुढे आला होता.

"घ्या राव, सावकाश भरवा," तो म्हणाला. "लेकरानं घास खाल्ल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

वीस-पंचवीस माणसं एका घासाकडे बघत होती. आता जुईवर केवळ आमची नव्हे, तर राज्य परिवहनाच्या वेळापत्रकाची जबाबदारी होती. शेवटी तिनं तोंड उघडलं, घास आत गेला, आणि लोकांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. तो घास तिनं डाव्या गालात ठेवला. नारायणगावच्या स्टँडवर उतरल्यावर तो तिनं माझ्या सदऱ्यावर काढला.

शिवारनगरीच्या दारात आमचं औक्षण झालं. नऊवारी नेसलेल्या, कमरेला वॉकीटॉकी खोचलेल्या बाईंनी आम्हाला कुंकू लावलं आणि तिघांनाही फेटे घातले. फेटे तयार शिवलेले होते, गुलाबी रंगाचे, मागे इलॅस्टिक. जुईचा फेटा डोळ्यांवर येत होता. "इथे असेपर्यंत काढायचा नाही हं, पाहुण्यांची ओळख आहे ती," असं बाईंनी बजावलं. समोर एका फळ्यावर खेड्याचं वेळापत्रक लिहिलं होतं. कोंबडा साडेसहाला, मोट नऊला, गाईची धार साडेचार ते पाच, आणि दिवेलागण सात वाजता, वीज असल्यास.

आमच्या वाट्याला झोपडी क्रमांक सहा आली. शेणानं सारवलेल्या जमिनीचा रंग दिलेल्या फरश्या होत्या आणि कोपऱ्यात कंदिलाच्या आकाराचा विजेचा दिवा होता. खिडकीतून कुंपणापलीकडचं खरं गाव दिसायचं. तिथे पत्र्याची घरं, डिश अँटेना आणि एक ट्रॅक्टर होता. ते दृश्य थीममध्ये बसत नसल्यामुळे खिडकीला पडदा लावला होता.

जेवणघराचं नाव 'माजघर'. आत मातीच्या चुली आणि चुलींच्या पोटात गॅसच्या शेगड्या. मुलांना बसायला छोट्या बैलगाडीच्या खुर्च्या होत्या, आणि जुईला त्यातल्या एकीत पट्ट्यानं बांधण्यात आलं. वाढपी धोतरात होता. त्यानं एका दमात सांगितलं की मोठ्यांना मासवडी (नावात मासा असला तरी बेसनाची, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर जाळ रस्सा) आणि लहानांना 'बालगोपाळ थाळी' मिळेल.

"बालगोपाळ थाळीत काय असतं?"

"नूडल्स, बटाट्याच्या तळलेल्या कांड्या आन् सॉस."

"गोपाळ नूडल्स खायचा का हो?" मी विचारलं.

"त्याच्या टायमाला नव्हत्या ना साहेब," वाढपी शांतपणे म्हणाला आणि निघून गेला.

मासवडी खरोखर उत्तम होती, पण ती मी घाईघाईनं आणि चोरट्यासारखी खाल्ली. मुलगी उपाशी असताना बापानं रस्सा ओरपावा हे मंजिरीला बघवत नव्हतं. तिनं आमटीतली डाळ धुऊन घेतली, भातात कालवली, घास केला आणि हसऱ्या चेहऱ्यानं पुढे नेला. तो हसरा चेहरा कसा करायचा हे तिनं इतक्या महिन्यांत पाठ केलं होतं.

तेवढ्यात टोमॅटोमामा आला. हा शिवारनगरीचा मानकरी. माझ्याएवढा उंच, लालभडक, डोक्यावर हिरवा देठ आणि पोटावर दोन मोठे डोळे. तो टेबलाटेबलाशी जाऊन मुलांना जेवायला लावायचा. आमच्याकडे येताच दोन्ही हात पसरून तो जुईवर वाकला आणि गाऊ लागला, "मला खा, मला खा, लाल लाल मामाला खा!"

पुरुषभर उंचीचा टोमॅटो आपल्याला खाण्याची विनवणी करतोय, हे पाहून कुणाची भूक उरेल? जुई अशी किंचाळली की चुलीतला गॅससुद्धा कुणीतरी घाबरून बंद केला. टोमॅटोमामा बिचारा स्वतःच गडबडला. त्यानं देठासकट डोकं काढलं. आतून चाळिशीचा, घामानं निथळणारा माणूस निघाला.

"घाबरू नगं बाय, मी हाय मी," तो म्हणाला. डोकं काखेत धरलेला टोमॅटो बघून जुईनं पुढची पट्टी गाठली.

नंतर तो बाहेर पायरीवर भेटला. इथलाच होता, घरचे दोन एकर टोमॅटो होते त्याचे. "सकाळच्या पारी टमाटं तोडायची, दुपारी टमाटं व्हायचं," तो म्हणाला. "लई उकडतं आत. पर लेकरं खात्यात राव माझ्यामुळं. तुमचीच पयली, जी न्हाई खाल्ली."

हे सांगायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपमा, दूध आणि थालीपीठ अशा तीन आघाड्यांवर आमचा पराभव झाला. शेजारच्या टेबलावर ठाण्याचं एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा जुईच्याच वयाचा, दोन्ही हातांनी थालीपीठ खात होता. त्याची आई दर दोन मिनिटांनी म्हणायची, "अहो, याला आवरा, किती खातो हा!" झोपडीत परत आल्यावर मंजिरी सारवलेल्या फरशीवर बसली आणि रडायला लागली. "माझ्याच हाताला चव नाही का रे? की मीच आवडत नाही तिला?" मी पिशवीतली किसणी उगाचच धुऊन आणली. सोमवारला दोन दिवस राहिले होते.

त्या दिवसाचं मुख्य आकर्षण होतं 'गावजेवण पंगत'. पत्रकात छापलं होतं, 'उसाच्या मळ्यापलीकडे मांडवात अस्सल ग्रामीण पंगत, टाळ-मृदंगाच्या साथीनं. बैलगाडी साडेअकराला निघेल.' साडेअकराला जुई झोपली होती, आणि झोपलेल्या जुईला उठवण्यापेक्षा आम्ही बैल सोडून दिले. बाराला ती उठली. पहारेकऱ्यानं कुंपणाचं मागचं फाटक उघडून हात केला. "कालव्यानं सरळ जा. मांडव दिसंलच."

मांडव दिसला. उसाच्या कडेनं दहा मिनिटं चाललो तोच एका खळ्यावर पांढऱ्या कापडाचा मांडव आला. आतून टाळ आणि मृदंग ऐकू येत होते. तोंडाशी पांढऱ्या सदऱ्यातला पन्नाशीचा एक माणूस हात जोडून उभा होता. मी जेवणाची कुपनं त्याच्या जोडलेल्या हातांत ठेवली. त्यानं कुपनांकडे पाहिलं, आमच्या तीन गुलाबी फेट्यांकडे पाहिलं, मग जुईकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "या, बसा," तो म्हणाला.

मला मांडव बेहद्द आवडला. कालच्या खोट्या चुलींच्या मानानं इथे मालकानं खर्चाला मागेपुढे पाहिलेलं नव्हतं. दोन-अडीचशे माणसं सतरंज्यांवर बसलेली, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, सगळे ठरल्यासारखे साध्या कपड्यांत. बुवांचं प्रवचन चाललं होतं. त्यांच्या मागे एका म्हातारीचा हार घातलेला फोटो होता. संस्थापिका असणार, असं मी मंजिरीला समजावलं. मग ती जुईला घेऊन बायकांत जाऊन बसली. कडेला चुलाणावर मोठी पातेली रटरटत होती, आणि धूर अगदी खरा होता.

"फार छान वठवलंय," मी शेजारच्या आजोबांना म्हणालो. "अगदी खरं वाटतं."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "खरंच हाय की," ते म्हणाले.

प्रवचन संपलं. पंगत बसेल म्हणून मी मांडी सावरली, पण कुणी पान वाढेना. मांडवाच्या बाहेर, शेताच्या बांधाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. तिथे जमिनीवर एक पत्रावळ ठेवली होती. पत्रावळीवर भात, खीर, वडे, कडेला एका कपात चहा, दोन ग्लुकोजची बिस्किटं आणि मिश्रीची पुडी. एक जण हातात काठी घेऊन कुत्री हाकलत होता. बाकी सगळे दूर, गप्प. जो कुणी बोलेल त्याला "शूऽऽ" होत होतं. मघाचा पांढऱ्या सदऱ्याचा माणूस पुढे जाऊन हात जोडून काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा मागे येऊन उभा राहिला.

"कशासाठी थांबलेत?" मी कुजबुजलो.

"कावळा यायचाय."

मला फळा आठवला. कोंबडा साडेसहाला, मोट नऊला. "कावळ्याची वेळ कितीची आहे?" मी विचारलं.

आजोबांनी आता पूर्ण वळून माझ्याकडे पाहिलं. "त्याचं काय सांगावं पावणं. आत्म्याची इच्छा."

"कुणाच्या आत्म्याची?"

"हौसाच्या." त्यांनी फोटोकडे बोट केलं. "आज वरीस झालं तिला जाऊन. मालकीण व्हती माजी."

कुणाच्या तरी वर्षश्राद्धाला मी गुलाबी फेटा घालून, दारात कुपन देऊन, नवऱ्यालाच सांगत होतो की छान वठवलंय. मी फेटा काढायला गेलो तर त्याचं इलॅस्टिक फट्कन माझ्या कानावर बसलं. त्या शांततेत तो आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला. मी मंजिरीला खूण केली की ऊठ, निघायचं. बायकांच्या बाजूनं मंजिरी मला वेगळीच खूण करत होती. तिची मांडी रिकामी होती.

जुई बांधावर पोहोचली होती.

काठीवाल्याचं लक्ष कुत्र्यांकडे होतं. माणसाचं पिल्लू येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. ती पत्रावळीपाशी उकिडवी बसली. आजूबाजूला बघितलं. कुणी जवळ नव्हतं. कुणी हसरा चेहरा करत नव्हतं, कुणी गात नव्हतं, कुणाच्या हातात चमचा नव्हता. अडीचशे माणसं वीस पावलं दूर श्वास रोखून उभी होती. तिनं खिरीत पाचही बोटं घातली आणि ती तोंडात कोंबली.

मांडवातून एकच "अगं बाईऽ" उठलं. "पान उष्टं केलं पोरीनं!" कुणीतरी म्हणालं. कुत्री सोडून काठीवाला वळला. मी धावलो. धावता धावता मला दिसलं की मंजिरीही धावतेय. मी तिला ओळखतो. ती सफरचंद तीनदा धुते. आमच्या घरात जुईनं चहाचा वाससुद्धा घेतलेला नव्हता. मेलेल्या बाईसाठी मांडलेलं पान, तेही धुळीतलं, ती एका हिसक्यात पोरीपासून तोडेल याची मला खात्री होती. ती माझ्याआधी पोहोचली, तीन हातांवर थांबली, आणि मी जवळ येताच तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"खाऊ दे," ती म्हणाली. "काही होऊ दे. खातेय ती. खाऊ दे."

जुईनं वडा उचलला. बिस्किट चहात बुडवलं, निम्मं पडलं, निम्मं खाल्लं. आम्ही घरी गॅलरीत बसवून तिला हा घास काऊचा, हा चिऊचा, हा बाबांचा, हा आज्जीचा असं म्हणत वर्षभर भरवत आलो होतो. उभ्या उभ्या माझ्या मनात आलं की आम्ही एकही घास तिच्या नावाचा केला नव्हता.

पांढऱ्या सदऱ्याचा माणूस जवळ आला. तो हौसाबाईंचा मोठा मुलगा, बाळासाहेब. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्या पार्कातली माणसं म्हंजे ना," तो दात आवळून म्हणाला. "लगीन आसू द्या न्हाईतर मयत, महिन्यातनं एखादं फेटेवालं शिरतंच मांडवात. न्हाई म्हनत न्हाई आमी. जेवा म्हनतो. पर आईचं पान? आता कावळा कसा शिवायचा? माणसं उपाशी बसल्यात!"

मी हात जोडले. माफी मागितली. तेवढ्यात मघाचे आजोबा सावकाश चालत आले. मुलाला त्यांनी हातानंच बाजूला केलं आणि गुडघे धरत जुईसमोर बसले.

"कुनाचं गं ह्ये पान?" त्यांनी विचारलं.

जुईच्या गालात वडा होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, पत्रावळीवर पालथा हात ठेवला आणि म्हणाली, "माजं."

मागे बायकांत कुजबूज झाली. दोघी-तिघींनी हात जोडले. एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "हौसाक्काच बोलली गं." आजोबा मात्र हसले. बऱ्याच दिवसांत हसले नसावेत, कारण हसताना त्यांना खोकला आला. जुईनं हातातला अर्धा वडा त्यांच्यापुढे धरला. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. पान शिवल्याशिवाय घरचं कुणी जेवत नाही. त्यांनी तो उष्टा वडा घेतला आणि खाल्ला.

"शिवलं," ते उठत म्हणाले. "बसवा पंगत."

"दादा, आवो पर कावळा..." बाळासाहेब म्हणाला.

"तुजी आय उभ्या जल्मात कधी लेकराच्या आदी जेवली व्हती का? मंग? आपलं पान आदी पोरापुढं सरकवायची. आज बी तेच केलं तिनं. आता वाद नगं."

बाळासाहेबानं खाली पाहिलं. मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि वाढप्यांना हाक मारली.

आम्ही निघू लागलो, तर निघू देतील तर शपथ. पंगतीत लापशी, आमटी-भात आणि बटाट्याची भाजी होती. वाढपी मुकाट्यानं वाढत होते आणि मी मुकाट्यानं जेवत होतो, कारण बोलायला तोंडच नव्हतं. आमटी फार चांगली होती, एवढंच नोंदवतो. मंजिरी बायकांत बसली होती. जुई बांधावरच होती. तिच्याजवळ न जाण्याची ताकीद आजोबांनी सगळ्यांना दिली होती. जेवण झाल्यावर बाळासाहेबानं कुपनं माझ्या हातात परत ठेवली. "ही तुमची. पल्याडच्या मांडवात चालतील. तिथं बी पंगतच हाय, पर पाट भाड्याचं हायेत," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरासा हसला.

मांडवाच्या तोंडाशी आजोबा आम्हाला सोडायला आले. मी पुन्हा माफी मागितली.

"आवो, त्या गुलाबी फेट्यावरनं आत आलात तवाच वळखलं मी," ते म्हणाले. "उठवावं वाटलं व्हतं. पर ह्या पोरीकडं बघितलं आन् म्हनलं, ऱ्हाऊ द्या, जेवून जातील. एक सांगू का, पोरी?" हे ते मंजिरीला म्हणाले. "कावळ्याला बोलवून कधी येतो का? पान ठिवायचं आन् लांब व्हायचं. एवढंच आपल्या हातात. त्यो आला तर आला."

मंजिरीनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मी तिला कुणाच्या पाया पडताना फारसं पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी शिवारनगरीत गाईची धार साडेचारलाच निघाली. आम्ही गेलो नाही. पिशव्या आवरल्या, फेटे दारातल्या बाईंच्या हवाली केले. "अस्सल पंगत कशी वाटली?" असं त्यांनी विचारलं आणि अभिप्रायाची वही पुढे केली. मी 'अविस्मरणीय' असं लिहून सही केली. टोमॅटोमामा पायरीवर बसून विडी ओढत होता. जुईनं त्याला हात हलवला. डोकं नसल्यामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून आम्ही परत निघालो. घाट पुन्हा कोरडाच होता. मुरबाडच्या अलीकडे एका हॉटेलापाशी गाडी चहाला थांबली. मंजिरीनं एक ताटली मागितली, डब्यातली खिचडी त्यात वाढली, चमचा ठेवला आणि ताटली जुईसमोर बाकावर सरकवली. मग ती उठली. मीही उठलो. आम्ही दोघं दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो.

वाचकहो, प्रवासवर्णनात प्रेक्षणीय स्थळांची वर्णनं हवीत, हे मला कळतं. त्या दारातून एक पंक्चरचं दुकान दिसत होतं. बाहेर टांगलेल्या टायरी सात, आत दोन. एका पिंपात काळं पाणी. दुकानदार ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. जगातल्या कुठल्याही किल्ल्याकडे किंवा धबधब्याकडे मी इतकं मन लावून पाहिलेलं नाही. उद्या सोमवार होता. काट्यावर काय दिसणार होतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. एका घासानं रेघ वर चढत नसते, एवढं गणित मला येतं. मंजिरी माझ्या शेजारी ओठ दाबून उभी होती. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती, कारण पुसायला हात उचलला तर मान वळेल, अशी तिला भीती वाटत असावी.

आमच्या पाठीमागे ताटलीवर चमचा वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

आम्ही वळून पाहिलं नाही.